बाटलीत औषध भरलं कुणी?

ताई, नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. रात्री झोपताना आम्ही दोघी गोष्ट वाचतो. सध्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' चालू आहे. मी इंग्रजीतून वाचते आणि तिला मराठीत सांगत जाते. ॲन बोलायला लागली की थांबत नाही, हातातलं काम टाकून तंद्रीत जाते, भट्टीत ठेवलेलं विसरते. एक दिवस लेक म्हणाली, "आई, ही माझ्यासारखीच आहे गं." माझ्या पोटात धस्स झालं, कारण त्याच आठवड्यात बाईंनी डायरीत तिसऱ्यांदा लिहून पाठवलं होतं, 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' या वर्षी पाण्याच्या चार बाटल्या हरवल्या. घरची वही शाळेत राहते, शाळेची घरी. मग फोनवर वाचलं की 'विनी द पू'मधले पू आणि टिगर, ॲन, पीटर पॅन या सगळ्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास होता. मिस्टरांना सांगितलं तर म्हणाले, "आता गोष्टीतल्या पोरांनाही आजार चिकटवा. दोन-दोन तास चित्र काढत बसते ती, तिचं लक्ष नाही कसं?" सासूबाई म्हणतात, "तिचा बाप अस्साच होता. झाला ना इंजिनिअर?" गोष्टीतल्या मुलांमध्ये असं काही बघणं चूक आहे का? तपासून घेतलं तर पोरीवर कायमचा शिक्का बसेल का? आणि ॲन मला इतकी आवडते की तिला आजारी म्हणायला जीभ रेटत नाही.

ता. क. परवा पुस्तकातलं केकचं प्रकरण झालं. दोघी पोट धरून हसलो. पण ही मधेच विचारत राहिली, "पण आई, त्या बाटलीत औषध भरलं कुणी?" मी म्हटलं, झोप आता.

– एक आई, सातारा

*

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताजा कलमापाशी थांबले. उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण तुमच्या लेकीनं जे विचारलं ते मला सुचायला वर्गात बारा-तेरा वर्षं जावी लागली.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अकरा वर्षांची अनाथ ॲन कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर मॅरिला आणि मॅथ्यू या वयस्कर बहीण-भावाकडे राहायला येते. गावात नवे धर्मगुरू आलेले असतात. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला चहाला बोलावलेलं असतं, आणि ॲन जीव ओतून थरांचा केक करते. केक सुरेख फुगतो. मिसेस ॲलन पहिला घास घेतात आणि त्यांचा चेहरा कसासाच होतो. मॅरिला चाखून बघते आणि विचारते, यात घातलंस काय? व्हॅनिला, ॲन म्हणते. बाटली आणवली जाते. बाटलीवर पिवळट चिठ्ठी आहे, 'बेस्ट व्हॅनिला'. आत आहे अंग दुखलं की चोळायचं औषध. आठवड्यापूर्वी औषधाची मूळ बाटली फुटली म्हणून उरलेलं औषध मॅरिलानंच व्हॅनिलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. ॲनला त्या दिवशी सर्दी झालेली. तिला वास येणार कसा?

आता याच नजरेनं तुम्ही आधी वाचलेली प्रकरणं आठवा. ॲननं तिच्या मैत्रिणीला, डायनाला, रासबेरीच्या सरबताऐवजी दारू पाजली, असं आपण म्हणतो. पण मॅरिलानं जी बाटली कपाटात आहे म्हणून सांगितलं होतं, ती कपाटात नव्हतीच. ती तिनं आधीच तळघरात नेऊन ठेवली होती आणि विसरली होती. कपाटात हाताला लागली ती तिनंच घरी केलेली फळांची दारू. जांभळ्या खड्याची ब्रूच हरवली तेव्हाही तसंच. ॲननंच हरवली असं धरून मॅरिला तिला खोलीत बसवून ठेवते, कबूल केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही म्हणते. सहलीला जायला मिळावं म्हणून ही पोर न केलेली चूक तिखटमीठ लावून कबूल करते. ब्रूच पुढं सापडते ती मॅरिलाच्याच काळ्या शालीला अडकलेली.

ॲन खरंच विसरते, यात वाद नाही. भट्टीतलं जळतं ते तिच्यामुळेच, पुडिंगच्या सॉसवर झाकण ठेवायचं राहून उंदीर बुडतो तोही तिच्यामुळेच. पण एकदा घरात 'विसरणारी ती' असं ठरलं की कुणाचंही विसरणं तिच्याच खात्यावर जमा होतं. तुमच्या घरी या महिन्यात हरवलेल्या वस्तूंची नुसती आठवण काढा. किल्ली, गॅसचं पुस्तक, सासूबाईंचा चष्मा. त्यातलं किती तुमच्या लेकीनं हरवलं आणि किती वेळा पहिली हाक तिला गेली?

मॅरिलाचं मला मोठेपण वाटतं ते इथं. ती रागीट आहे, कडक आहे, पण बाटलीचा उलगडा झाल्यावर, यात थोडी चूक माझीही आहे, तुला सांगायला हवं होतं, असं ती ॲनसमोर कबूल करते. घरातलं मोठं माणूस एवढं बोललं तरी पोराच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

मी हे मोठ्या शहाणपणानं सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मुलीच्या डायरीत वर्षभर लाल शाईनं लिहिलं, 'लक्ष नाही', 'गृहपाठ अपूर्ण', 'पुन्हा विसरली'. वर्ष संपताना तिच्या आईनं ती डायरी माझ्यासमोर उघडून ठेवली. प्रत्येक लाल ओळीखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, मुलीनं लिहिलं होतं, 'सॉरी बाई'. एकाही ओळीखाली चुकलेलं नव्हतं. ज्या मुलीला वही आठवत नव्हती तिला रोज सॉरी लिहायचं मात्र आठवत होतं. त्या मुलीचं दप्तर मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, फळ्यावरचा गृहपाठ तास संपायच्या घंटेबरोबर लिहून देत होते, आणि ती शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसत होती. ती बाटली मी भरली होती.

आता तुमचा पहिला प्रश्न. गोष्टीतल्या मुलांमध्ये हे बघणं चूक नाही. उलट अशी मुलं गोष्टींमध्ये फार पूर्वीपासून आहेत. फ्रँकफुर्टमध्ये हाइनरिश होफमान नावाचे डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळला त्यांना तीन वर्षांच्या मुलासाठी दुकानात मनासारखं पुस्तक मिळेना, म्हणून कोरी वही आणून स्वतःच चित्रं काढली, कविता लिहिल्या. पुढच्या वर्षी ते छापलं गेलं, आणि पुढं 'श्ट्रुवेलपेटर' या नावानं प्रसिद्ध झालं. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये दोन मुलं आली. एक चुळबुळ्या फिलिप, दुसरा आभाळाकडे बघत चालणारा हान्स. हान्स ढग आणि पाखरं बघत बघत नदीत पडतो. त्याला बाहेर काढतात, पण दप्तर वाहून जातं आणि मासे हसतात. फिलिप जेवणाच्या टेबलाशी खुर्ची मागंपुढं डोलवत बसतो आणि शेवटी टेबलावरचं कापड, ताटं, सूप सगळं घेऊन खाली आदळतो. जर्मनीत आजही अशा मुलाला 'त्सापेलफिलिप' म्हणतात. एकाचं शरीर थांबत नाही, दुसऱ्याचं मन. डॉक्टर आज अतिचंचल आणि अवधान न टिकणारी अशी जी दोन रूपं सांगतात, ती दोन्ही त्या एका पुस्तकात आहेत. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. ॲनचं पुस्तक १९०८ चं. आणि एडीएचडी हे नाव तर १९८७ चं आहे. लेखिकेनं आजार रंगवलेला नाही, आजूबाजूला असतात तशी एक मुलगी मन लावून रंगवली आहे.

फिलिपच्या चित्राकडे बघताना माझी नजर नेहमी त्याच्या आईवर जाते. वडील दटावतात आणि आई मुकाट्यानं टेबलभर नजर फिरवत राहते. कवितेत तिला एवढंच काम आहे. सगळा पसारा खाली कोसळेपर्यंत त्या मुलाला कुणी म्हणत नाही, बाळा, ऊठ, दोन फेऱ्या मारून ये. तुम्ही मला पत्र लिहिलंत म्हणजे तुम्ही त्या आईसारख्या गप्प बसलेल्या नाही.

फोनवर तुम्ही वाचलंत त्यातल्या पू आणि टिगरचं मूळ मला माहीत आहे. २००० सालच्या डिसेंबरात कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हॅलिफॅक्सच्या काही डॉक्टरांनी एक लेख लिहिला. पूच्या जंगलातल्या एकेका प्राण्याला त्यांनी तपासलं. पूला अवधानाची कमतरता, पिगलेटला चिंतेचा विकार, ईयोरला उदासीनता, टिगरला अतिचंचलता. पूला औषधाची छोटी मात्रा देऊन बघावी असंही त्यांनी सुचवलं. तो लेख सुट्टीच्या दिवसांतली गंमत म्हणून लिहिलेला होता. पुढं लोकांच्या फोनवरून फिरताना गंमत गळून पडली आणि निदान तेवढं उरलं.

टिगरची खरी गोष्ट मला त्या लेखापेक्षा जास्त कामाची वाटते. टिगर सारखा उड्या मारतो, अंगावर येतो, म्हणून रॅबिट वैतागतो आणि एक बेत करतो. टिगरला लांब फिरायला न्यायचं, धुक्यात मुद्दाम सोडून द्यायचं, एक रात्र भटकू द्यायचं, म्हणजे सकाळी सापडेल तेव्हा नरम झालेला असेल. होतं असं की धुक्यात रॅबिट आणि मंडळी स्वतःच चुकतात आणि फिरून फिरून त्याच खड्ड्यापाशी येतात. पू आणि पिगलेट कसेबसे घरी पोचतात, रॅबिट एकटा मागं राहतो. त्याला शोधून आणतो तो टिगर, आणि अशा वेळी रॅबिटला टिगरच्या उड्या गोड वाटतात. शाळेत हा बेत मी कितीदा पाहिला आहे! एक आठवडा खेळाचा तास बंद करू, मग येईल ताळ्यावर. खेळाचा तास हाच त्या मुलाचा दिवसातला सगळ्यात सरळ गेलेला तास असतो. तो काढून घेतला की उरलेले सात तास आणखी बिघडतात.

म्हणून असं वाचा, खुशाल वाचा. फक्त गोष्टीवरून निदान होत नाही, ना ॲनचं, ना तुमच्या लेकीचं. ॲनच्या बाबतीत तर मी स्वतः छातीठोकपणे काही सांगणार नाही. तीन महिन्यांची असताना तिचे आईबाप तापानं गेले. मग एका घरी, मग दुसऱ्या घरी, तिथं जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळायच्या, मग अनाथाश्रम. एवढं सोसलेलं मूल तंद्रीत जातं, अखंड बोलतं, कल्पनेतल्या मैत्रिणी करतं, ते जगण्यासाठीही असू शकतं. बाहेरून सारखंच दिसतं, आत कारण वेगळं. तुमच्या मुलीच्या बाबतीतही 'लक्ष नाही' या दोन शब्दांमागं पुष्कळ काही असू शकतं. फळा नीट न दिसणं, एका कानानं कमी ऐकू येणं, रात्री घोरणं आणि त्यामुळे अपुरी झोप, थायरॉइड, वाचन-लेखनातली अडचण, कुणाची तरी भीती. कधी कधी मूल मधेच पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतं, हाक ऐकू येत नाही, आणि मग काहीच झालं नाही असं पुढं सुरू करतं. ती तंद्री नसून फिटचा एक सौम्य प्रकार असू शकतो. तसं कधी दिसलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एडीएचडी म्हणायला डॉक्टर काय बघतात? अशा खुणा बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, सहा महिन्यांहून जास्त टिकल्या आहेत का, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का, आणि त्यामुळे मुलाचं खरोखर अडतं का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नुसती धांदरट असणं वेगळं आणि धांदरटपणापायी रोज रडणं वेगळं. यासाठी रक्ताची तपासणी नसते, स्कॅन नसतो. आईवडिलांशी आणि मुलाशी सविस्तर बोलणं, घरच्यांनी आणि शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या, जुन्या वह्या, यांवरून ठरतं. जगभरचा ढोबळ अंदाज धरला तर शंभरात पाचेक मुलांना हा त्रास असतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन. त्यातली मुलगी अनेकदा नजरेतून सुटते. फिलिप ताटं पाडतो म्हणून सगळ्यांच्या लक्षात येतो. खिडकीतून ढग बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्या डायरीत वर्षानुवर्षं 'हुशार आहे, पण लक्ष नाही' एवढंच येत राहतं.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. तो खोटा नाही. दोन तास चित्र काढणारी मुलगी पाहिली की कुणालाही तसंच वाटेल. पण या त्रासाच्या नावातच घोळ आहे. अशा मुलांकडे लक्ष कमी नसतं. ते हवं तिथं नेणं, नको तिथून काढणं आणि कंटाळवाण्या कामावर धरून ठेवणं त्यांना जमत नाही. आवडीच्या कामात ती बुडून जातात, इतकी की जेवायला मारलेली हाक खरोखरच ऐकू येत नाही. ॲनचंच बघा, भट्टीतलं जळतं आणि प्रवेशपरीक्षेत ती सगळ्या बेटात पहिल्या क्रमांकात येते, वर्गमित्र गिल्बर्टच्या बरोबरीनं. तेव्हा 'चित्राला बसतेस, मग गणिताला काय होतं?' हा प्रश्न तिला विचारू नका. तिला उत्तर माहीत नाही. ती मनातल्या मनात एकच उत्तर काढेल, की मी मुद्दाम करते, मी वाईट आहे.

आणि सासूबाई 'बाप अस्साच होता' म्हणाल्या, ते त्यांनी नकळत फार मोलाचं सांगितलं आहे. हा स्वभाव घराण्यातून येण्याचं प्रमाण फार मोठं आहे. डॉक्टर तुम्हाला हा प्रश्न हमखास विचारतील. माझी विनंती आहे की एका संध्याकाळी सासूबाईंना त्यांच्या मुलाच्या शाळेच्या दिवसांबद्दल बोलतं करा, मिस्टर शेजारी असताना. किती चपला हरवल्या, किती छड्या खाल्ल्या, दहावीला कोण रात्रभर शेजारी बसून राहायचं. 'झाला ना इंजिनिअर' या तीन शब्दांत कुणाची तरी वीस वर्षांची मेहनत असते, आणि पुष्कळदा ती आईची असते. तुमचे मिस्टर चिडतात ते मला समजतं. मुलीला काही आहे असं ठरलं तर त्यांच्या स्वतःच्या लहानपणाकडेही वेगळ्या नजरेनं बघावं लागेल. त्यांना वाद घालून पटवायला जाऊ नका. एवढंच विचारा, तुम्हाला तेव्हा कसं वाटायचं?

शिक्क्याचं म्हणाल तर पुन्हा त्या बाटलीकडे बघा. बाटलीवर चिठ्ठी होतीच, चुकीची होती. तुमच्या लेकीवर आत्ताच किती चिठ्ठ्या आहेत ते मोजा. विसरभोळी, धांदरट, आळशी, बेजबाबदार, 'लक्ष नाही'. नऊ वर्षांच्या पोरीवर एवढ्या, आणि त्यांतली एकही तपासून लावलेली नाही. तपासणीत काही निघालं नाही तर निदान त्या चिठ्ठ्या काढून टाकायला आधार मिळेल. काही निघालं तर कुठं काय घालायचं ते तरी कळेल. अहवाल तुमच्या हातात येतो, शाळेला किती सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. एक मात्र आताच सांगून ठेवते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि या दोन गोष्टी बऱ्याच मुलांमध्ये जोडीनं असतात. म्हणून वाचन, लेखन, गणित यांचीही तपासणी त्याच वेळी करून मागा. पुढं परीक्षेत सवलतीची गरज पडली तर त्याचा उपयोग होतो.

जायचं कुठं? आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे, डोळे आणि कान तपासून घ्यायला. मग बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे डॉक्टर. खाजगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत, त्यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. गोळ्यांची भीती आत्ताच घेऊन बसू नका. औषध लागेलच असं नाही. लागलं तर ते तज्ज्ञ डॉक्टरच लिहून देतात आणि भूक, झोप, वजन, उंची, नाडी यांवर लक्ष ठेवत मात्रा ठरवतात. पुष्कळ मुलांना त्याचा चांगला फायदा होतो, हे मी जवळून पाहिलं आहे. ते घेणं म्हणजे आईबाप कमी पडले असं मुळीच नाही.

तोवर घरात बाटल्यांवर नीट चिठ्ठ्या लावा. तिला एका वेळी एकच काम सांगा, स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवून सांगा. दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर चार चित्रं लावा, डबा, बाटली, वही, डायरी. चित्रं तिलाच काढू द्या, तिची चित्रं आहेत म्हणून ती त्यांच्याकडे बघेल. गणितं दहा असतील तर चार झाली की उठू द्या, गच्चीवर जाऊन येऊ द्या, मग पुढची तीन. बाईंना भेटा आणि भांडण न करता दोनच गोष्टी मागा, पुढचा बाक आणि गृहपाठ तासाच्या मध्यावर लिहून देणं. हे दोन्ही फुकट आहे, आणि एवढ्यानंही फरक दिसतो.

राहिली ॲन. तुमच्या लेकीला तपासणीआधी एडीएचडी हा शब्द सांगू नका, आणि ॲनला तो लावून दाखवू नका. तिला मैत्रीण मिळाली आहे. विसरते, बोलते, बोलणी खाते आणि तरी सगळ्यांना हवी असते, अशी मैत्रीण. त्या मैत्रिणीला दवाखान्यात नेलंत तर तुमच्या लेकीला पुन्हा एकटं वाटेल. 'ही माझ्यासारखीच आहे' असं ती पुन्हा म्हणाली की म्हणा, "हो गं, आहे खरी. तुला तिचं काय आवडतं?" आणि मग ऐका, मधे सल्ला न देता. 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक मराठीत आलं आहे, कदाचित तुमच्या घरी असेलही. तोत्तोचान ही गोष्टीतली मुलगी नाही, खरीखुरी. डेस्काचं झाकण दिवसभर उघडझाप करते, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते म्हणून पहिलीतच शाळेतून काढलेली. आईनं तिला ते ती वीस वर्षांची होईपर्यंत सांगितलं नाही. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या भेटीत तिला विचारलं, तुला काय सांगायचंय ते सांग, आणि चार तास ऐकत बसले. ॲन संपली की ते घ्या.

काही वर्षांनी, तपासणीत निघालं असेल तर, लेक स्वतःच म्हणेल की ॲनलाही बहुतेक माझ्यासारखंच होतं. तेव्हा ती ते अभिमानानं म्हणेल, आणि तेव्हा ते तिनं म्हणायचं असेल, तुम्ही किंवा मी नाही.

आज रात्री मात्र केकच्या प्रकरणाकडे एकदा परत जा. तिला म्हणा, परवा तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं, बाटलीत औषध मॅरिलानं भरलं होतं. आणि बाईंना या पंधरवड्यातच भेटून घ्या. डॉक्टर शिक्षकांसाठी प्रश्नावली देतील, ती तिला ओळखणाऱ्या बाईंनीच भरायला हवी, आणि एकदा सुट्टी लागली की त्या जूनपर्यंत भेटणार नाहीत. जूनमध्ये लेक पाचवीत गेलेली असेल, बाईही बदललेल्या असतील.